मदत हवी आहे: ईमेल प्रोग्रामची डेटाबेस फाइल फुगतच चालली आहे

नमस्कार मंडळी. माझ्या डेस्कटॉपवरच्या ईमेल प्रोग्राममध्ये सगळे मेल मिळून जेमतेम ४ जीबी आहेत, पण त्याची शोधासाठीची एसक्यूलाइट फाइल (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) एकटीच ११ जीबीवर गेली आहे आणि अजून वाढतेय. डिस्क भरत आली आहे, त्यामुळे खरंच काळजी वाटते.

फोल्डर कॉम्पॅक्ट करून झाले. एमबॉक्स फाइलमध्ये (जिथे एका फोल्डरचे सगळे मेल एकत्र साठतात) डिलीट केलेल्या मेलवर नुसती खूण होते, जागा कॉम्पॅक्ट केल्यावरच सुटते. तिथे चांगला फरक पडला. शोधाची फाइल मात्र जशीच्या तशी. एसक्यूलाइटमध्ये नोंदी काढल्या तरी रिकामी पानं फाइलमध्येच राहतात, व्हॅक्यूम (फाइल नव्याने लिहून रिकामी जागा काढून टाकणारी आज्ञा) चालवल्याशिवाय आकार घटत नाही. आणि व्हॅक्यूमला मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. तेवढी आणायची कुठून?

म्हणून प्रोग्राम पूर्ण बंद करून ती फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवावी आणि इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, नव्याने बनू द्यावा, असा विचार आहे. मेल वेगळ्या फाइलमध्ये आहेत, त्यांना धक्का लागू नये. पण लेबलं, तारांकित खुणा यांचं काय होतं? कुणी हे स्वतः करून पाहिलंय का?

दुसरं, मुळात ती इतकी वाढते कशामुळे? मला संशय आयमॅप खात्याचा (ज्यात मेल सर्व्हरवर राहतात) आहे: सर्व्हरने यूआयडी-व्हॅलिडिटी (मेलचे जुने क्रमांक अजून ग्राह्य आहेत का हे सांगणारा आकडा) बदलली की प्रोग्राम तेच मेल पुन्हा उतरवून घेतो, तेव्हा जुन्या नोंदी तशाच मागे राहत असतील का? हे तपासायचं कसं, तेवढं कृपया सांगा. नाहीतर नवा इंडेक्सही असाच फुगेल.