मदत हवी आहे: मामांच्या आतड्याच्या कॅन्सरचा आयएचसी रिपोर्ट, एमएलएच१ आणि पीएमएस२ 'लॉस'

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मामांच्या (वय ४६) मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीचं ऑपरेशन बेळगावात झालं. रिपोर्ट टी३ एन०, म्हणजे दुसरी स्टेज. टाके निघालेत, जेवण नीट जातंय.

बायोप्सीनंतर आयएचसीचा (गाठीतली प्रथिनं रंगवून बघण्याच्या तपासणीचा) कागद आला. एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत, एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब. डॉक्टरांनी समजावलं की पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत ज्या चुका राहतात, त्या ही चार प्रथिनं दुरुस्त करतात. एमएलएच१ नसलं की त्याच्या जोडीचं पीएमएस२ टिकत नाही, त्यामुळे दोन गेलेली दिसली तरी मूळ बिघाड बहुधा एकच. इथवर कळलं.

पण हा बिघाड गाठीपुरता, की घराण्यातला, म्हणजे लिंच सिंड्रोम? आजी गर्भाशयाच्या कॅन्सरनं पन्नाशीच्या आत गेली, आणि लिंचमध्ये तोही होतो असं वाचल्यापासून मला झोप नाही. आई मामांची थोरली बहीण. तिची जीन टेस्ट आधी करून घेऊ का? मामांच्या मुलीचं लग्न ठरतंय, म्हणून मामी 'आनुवंशिक' हा शब्दच काढू देत नाहीत. त्यांना मराठीतून शांतपणे सांगणारं कुणी बेळगाव, मिरज किंवा कोल्हापुरात असेल तर कृपया कळवा.

शिवाय डॉक्टर केमो नको म्हणतात. पाहुण्यांच्या मते डॉक्टरांनी हात टेकले. खरंच तसं असतं का?

प्रतिसाद:
मी पॅथॉलॉजीत काम करते. आईंची जीन टेस्ट आत्ता नको. त्यांच्यात काही सापडलं नाही, तरी मामांबद्दल काहीच कळणार नाही. सुरुवात मामांच्या गाठीच्या ब्लॉकपासून (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) करा. तो हॉस्पिटलात जपलेला असतो, अर्ज केला की मिळतो. त्यावर बीआरएएफ व्ही६००ई (बीआरएएफ जीनमधला एक बदल) आणि एमएलएच१ मिथायलेशन (रासायनिक खुणेमुळे एमएलएच१ जीन बंद पडणं) बघतात. व्ही६००ई सापडलं तर लिंचची शक्यता फारच कमी, बिघाड बहुधा गाठीतच झालेला. दोन्ही नसतील तर मामांच्या रक्ताची जीन टेस्ट. त्यात दोष सापडला, तर आईंच्या रक्तात नेमका तेवढाच शोधायचा, खर्चही कमी येतो. मामांच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मामींना हेही सांगा: दोष असणं म्हणजे कॅन्सर होणं नव्हे. पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी) केली तर गाठ होण्याआधीच पॉलिप (आतड्याच्या आतले छोटे कोंब) काढता येतात.

आईंची कोलोनोस्कोपी मात्र रिपोर्टची वाट न बघता करा. सख्ख्या भावाला ४६ व्या वर्षी झालाय, एवढं कारण पुरे. पाळी गेल्यावर कधी रक्त दिसलं तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

केमोबद्दल तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. दुसऱ्या स्टेजला ही प्रथिनं नसलेली गाठ परतण्याचं प्रमाण कमी असतं, आणि एकट्या ५-एफयूचा (केमोचं एक औषध) तिथे फायदा दिसत नाही. उद्या आजार पसरलाच, तर अशाच गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी चांगली चालते. तेव्हा आयएचसीचा मूळ कागद लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा, आणि दोन झेरॉक्स काढून एक आईंच्या फाइलला लावा.