मदत हवी आहे: ईव्ही घेताना चार्जिंग स्पीडला किती महत्त्व द्यायचं?

नमस्कार मंडळी, पुण्यात रोजचं जाणं-येणं साधारण ४० किमी, सोसायटीत स्वतःचं पार्किंग आहे, म्हणजे रोजच्यासाठी रात्री १५ अँपियरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने लावली तरी दोन-तीन तासांत भरपाई होते, तिथे फास्ट चार्जिंगचा काही संबंधच नाही.

खरा प्रश्न गणपतीत आणि शिमग्याला सावंतवाडीला जायचा, कोल्हापूरवरून आंबोली उतरून, आईबाबा सोबत. ४५ किलोवॅट अवरच्या आसपासची बॅटरी बघतोय, म्हणजे वाटेत एकदा तरी थांबणं आलंच. एका गाडीची डीसी (म्हणजे फास्ट चार्जिंगची) मर्यादा ४५ किलोवॅट, दुसरीची ६०, आणि दुसरी बरीच महाग. चार्जर १२० चा असला तरी गाडी तिच्या मर्यादेपेक्षा जास्त घेणार नाही आणि ८० टक्क्यांनंतर स्पीड पडतोच हे माहितीये, म्हणून १० ते ८० चाच वेळ बघतोय, पण मला वाटतं जेवायला आपण तेवढा वेळ थांबतोच ना?

सातारा-कोल्हापूर पट्ट्यात सणाच्या गर्दीत चार्जरवर किती थांबावं लागतं? की तेच पैसे मोठ्या बॅटरीत घालावेत? या रूटवर चालवणाऱ्यांनी प्लीज सांगा, याच महिन्यात बुकिंग करायचंय.