‘लो-फील्ड’ला ‘अल्पक्षेत्र’ म्हणावं का?

शाहूपुरी_अनुवाद:
चंदगड-आजरा भागातल्या आशाताईंसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय पोर्टेबल लो-फील्ड एमआरआय: लकव्याच्या रुग्णाच्या खाटेपाशी ढकलत आणून तिथंच मेंदूची प्रतिमा घेणारं यंत्र. ‘सुवाह्य अल्पक्षेत्र चुंबकीय अनुनाद यंत्र’ असं लिहिलं. मसुदा वाचून एका ताईंनी विचारलं, “अल्पक्षेत्र म्हणजे थोड्याच गावांसाठी काय?” शाळेत ‘चुंबकीय क्षेत्र’ सगळेच शिकतात, पण आधीचं ‘चुंबकीय’ गळलं की क्षेत्र थेट सातबाऱ्यावर जातं. काय लिहू?

पंचगंगाकाठ:
‘कमी ताकदीच्या चुंबकाचा एमआरआय’. टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक; नेहमीचं यंत्र १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकानं, २०२० मध्ये मान्यता दिलेलं ‘स्वूप’ नावाचं असं पोर्टेबल यंत्र ०.०६४ टेस्लाचं, म्हणजे दीड टेस्लाच्या साधारण तेविसावा हिस्सा. म्हणूनच चुंबक थंड ठेवायला हेलियम लागत नाही, वेगळी बंदिस्त खोली लागत नाही, भिंतीतल्या साध्या प्लगवर चालतं. ‘सुवाह्य’ही काढा. सहाशे किलोंच्या वर वजन आहे, चाकांवर सरकतं. वाहून कोण नेणार?

मराठी_जपा:
‘कमी ताकदीचं’ वाचून लोक यंत्रालाच कमअस्सल समजतील. ‘मंदचुंबकीय’ म्हणा. ‘महापौर’ हा शब्दही एकदा नवाच होता. आपण वापरला नाही तर रुळणार कसा?

स्कॅन_विभाग:
‘कमी ताकद’ वस्तुस्थिती आहे. प्रतिमा भरड येते, लहान इजा सुटू शकते. सीटी जवळ असेल तर आधी सीटीच. पण जिथं तीही नाही तिथं गुठळी की रक्तस्राव याचा अंदाज येणं फार मोलाचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना दिलं तर जिवावर बेततं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. घरातनं निघायलाच उशीर झाला तर हिशेब करा.

भुदरगडचा:
तो उशीर शब्दामुळंच होतो. आमच्याकडं लकवाही म्हणत नाहीत, ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. माझ्या चुलत्यांना सकाळी तोंड वाकडं झालं, हात उचलेना. वारं म्हटल्यावर शेक, तेल, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. पत्रकात ‘वारं’ लिहाच, आणि शेजारीच ‘मेंदूचा झटका’.

मराठी_जपा:
‘झटका’ म्हटलं की लोक छातीला हात लावतात. ‘पक्षाघात’ नेमका आहे: पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, तिच्यावर आघात. अर्धांगवायूतला वायू आयुर्वेदातला, तुमचं ‘वारं’ त्याचंच बोलीतलं रूप. लकवा मात्र अरबी, आणि मुळात फक्त तोंड वाकडं होण्याला.

पंचगंगाकाठ:
मुळात काहीही असो, आज गडहिंग्लजच्या बाजारात लकवा म्हटलं की कळतं. पक्षाघात पेपरात.

आजरा_घनसाळ:
‘वारं’ला माझा ठाम विरोध आहे. आमच्याकडं देवीचं वारं अंगात येतं. ‘अंगात’ आणि ‘अंगावरनं’ एवढाच फरक, आणि घाबरलेल्या घरात तो फरक राहत नाही. आधी देवऋषी, मग डॉक्टर. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भुदरगडचा:
म्हणूनच लिहायचं! जो शब्द घरात उच्चारला जातो, तो पत्रकात नसेल तर हे आपल्याच माणसाबद्दल चाललंय हे कळणार कसं? ‘अंगावरनं वारं गेलं म्हणजे मेंदूतली रक्ताची वाट तुंबली किंवा फुटली’ असं सरळ लिहा.

आजरा_घनसाळ:
पहिला अर्धाच वाचला जाईल.

शाहूपुरी_अनुवाद:
‘वारं’ आणि ‘लकवा’ दोन्ही ठेवते, ‘सुवाह्य’ काढलं. ‘फिरता एमआरआय’ चालेल?

स्कॅन_विभाग:
नको. फिरता दवाखाना म्हणजे गावात येणारी गाडी. लोक रुग्णाला घरीच ठेवून तिची वाट बघतील. ‘खाटेजवळचा’ म्हणा.

मराठी_जपा:
‘खाट’ की ‘रुग्णशय्या’?