परसातल्या तळ्याभोवती चिऱ्यांची फरसबंदी: खाली कोबा करावा का?

माडाखाली: घर गुहागरजवळ. परसात ८ × ५ फूट, अडीच फूट खोल तळं खोदून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलाय. गप्पी आणि चार गोल्डफिश सोडायचेत. भोवती ३ फूट रुंद, जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी हवी आहे. गवंडी म्हणतो, खाली कोबा (काँक्रीटचा थर) करून सिमेंटात बसवू. चालेल? माल किती मागवू?

चिरेबंदी: कोबा नको. ओल्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरला की पीएच चढतो. अशा पाण्यात माशांच्याच विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो. शिवाय जमीन जरा बसली की कोब्याला तडे जातात आणि दुरुस्तीला सगळं फोडावं लागतं.

तुमचं क्षेत्र १४ × ११ वजा ४०, म्हणजे ११४ चौरस फूट. १४ × ९ × ७ इंची चिरा आडवा टाकला तर १३० लागतात, तुटफूट धरून १४५ मागवा. मापं खाणीगणिक बदलतात, आधी एक चिरा मोजून घ्या. खडी अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), क्रशरची चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पाव ब्रास. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातला खारटपणा तळ्यात झिरपतो.

साडेअकरा इंच खोदा. ४ इंच खडी दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकलेला. वर दीड इंच चुरी, मग चिरा. तो जमिनीच्या इंचभर वर राहील. ढाळ तळ्यापासून बाहेर, फुटाला पाव इंच. उलटा ढाळ पडला तर पहिल्याच सरीला अंगणातली लाल माती तळ्यात.

काठालगत खोदताना तळं अर्धं रिकामं ठेवा, नाहीतर पाण्याच्या दाबाने काठ ढासळतो. काठाचा चिरा लांबीने काठालगत नव्हे, पाण्याकडे तोंड करून लावा: १२ इंच जमिनीवर, २ इंच पाण्यावर. कागद त्याच्याखालून मागे नेऊन पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे उभा दुमडायचा. चिऱ्याखाली उरलेल्या कागदाची दुहेरी पट्टी घाला. जांभ्याचा खरखरीत कंगोरा कागद हमखास फाडतो.

पाणकाठ: बाकी सगळं मान्य, पण काठाला जांभा नको. पाणी धरून ठेवतो, आषाढात त्यावर शेवाळ धरतं आणि नेमकं तिथंच पाय ठेवायचा असतो. काठाला टाकी लावलेला (छिन्नीने खडबडीत केलेला) काळा दगड घ्या, पस्तीसेक चिरे वाचतील. गुळगुळीत शहाबादी तर मुळीच नको.

आणि मुख्य गोष्ट कोणी बोललं नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की कागद खालून फुगतो, वरची फरसबंदी कितीही चांगली असो. चढाच्या बाजूला, फरसबंदीच्या बाहेर, तळ्याच्या तळापेक्षा खोल चर मारून खडीने भरा आणि त्याचं तोंड उताराला मोकळं सोडा. जादा पाण्यासाठी काठाखाली दोन इंची पाइप, तोंडाला बारीक जाळी. जाळी नसेल तर गप्पी माडाच्या आळ्यात सापडतील.

माडाखाली: सांध्यांत काय भरू?

चिरेबंदी: कोरडी चुरी. झाडूने लोटा, हलकं पाणी शिंपडा, आठवड्याने खाली बसली की पुन्हा भरा. चिरे बसवण्याआधी धुऊन घ्या, नवीन जांभ्याची लाल भुकटी बरीच सुटते. काम मृगाच्या आधी उरकेल असं बघा. ओल्या मातीवर धुमस चालत नाही, खडी नुसती रुतते.