ताम्हिणीत वेगवान कोण: इंटरसेप्टर 650 की 390 ड्यूक?

घाटमाथा:
गेल्या रविवारी ताम्हिणी घाटात मित्राशी गाडी बदलून पाहिली. माझी रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर 650, त्याची नवी केटीएम 390 ड्यूक. डोंगरवाडीच्या पुढे किल्ल्या बदलल्या आणि विळ्यात चहाला थांबलो तेव्हा वाद पेटला होता. तोच इथे मांडतो.

कागदावर ताकद जवळजवळ सारखी: इंटरसेप्टर 47 पीएस, ड्यूक 46. पण एक 648 सीसीची, दोन सिलिंडरची. दुसरी 399 सीसीची, एका सिलिंडरची. माझं ठाम मत आहे की घाटात इंटरसेप्टरच वेगवान. हवी तेव्हा ताकद हाताशी असते. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 52 न्यूटन-मीटर, तोही पाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास, आणि त्यातला 80 टक्के 2500 पासूनच मिळतो असं कंपनी सांगते. ड्यूकचा 39, साडेसहा हजारांना.

चढावर एका हेअरपिनला समोरून एसटी आली. एसटी अख्खं वळण घेते, हे ताम्हिणी करणाऱ्याला सांगायला नको. मी कडेच्या शेवाळाच्या अलीकडे, माणूस भराभर चालेल इतक्या वेगावर आलो. एसटी गेली. गिअर दुसराच होता, तो तसाच ठेवून मूठ अलगद पिळली, तर गाडी जराही न अडखळता वर ओढत गेली. 270 अंशांच्या क्रँकमुळे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यामुळे) इंजिनाचे ठोके असमान अंतराने पडतात, ते सीटखाली जाणवतात. मागचं चाक रस्ता कसा धरतंय ते कळतं. परतताना ड्यूकवर अशा प्रत्येक वळणाला आधी गिअर उतरवावा लागला.

एक सिलिंडर:
असहमत. तुम्ही क्रँकवरचा टॉर्क मोजताय, रस्त्याला लागतो तो चाकावरचा. मधे गिअर आणि चेन-स्प्रॉकेट असतात, ते टॉर्क वाढवतात. म्हणून पॉवर बघायची, आणि ती तुम्हीच म्हणता तशी सारखी आहे. मग उरतं वजन. ड्यूक 168 किलो, इंटरसेप्टर दोनशेच्या वर. हा फरक वळणात शिरताना मनगटाला कळतो. एकाला एक लागून उलटसुलट दोन वळणं आली की ड्यूक नुसती नजर फिरवली तरी वळते, इंटरसेप्टरला हँडल ढकलून वळवावं लागतं.

गिअर उतरवावा लागला म्हणून गाडी हळू कशी ठरते? सहा गिअर वापरण्यासाठीच दिलेत. ड्यूकला क्विकशिफ्टर आहे, क्लचला हात लावायचीही गरज नाही. इंजिन सहा हजारांच्या वर ठेवा, मग बोलू.

पसरणीची पोरगी:
घाटमाथा दादा, तुम्ही दोघं चढाचंच बोलताय. मी वाई-पाचगणी आठवड्यातून तीनदा करते, माझी ड्यूकच आहे, आणि खरी परीक्षा उतारावर होते. समोरची डिस्क दोन्हींना 320 मिलिमीटरची, पण थांबवायचं वजन निराळं. शिवाय ड्यूकचे पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक ॲब्सॉर्बर) ॲडजस्ट करता येतात. मी पावसाळ्यात ते जरा मऊ करून घेते, खड्ड्यावर ब्रेक दाबला तरी चाक उडत नाही. इंटरसेप्टरच्या पुढच्या फोर्कला ती सोयच नाही. थांबेल याची खात्री असते म्हणून मी वळणाच्या आत उशिरापर्यंत वेग टिकवते. वेग त्यातून येतो.

चाकणकर:
मधे ट्रायम्फच्या स्पीड 400 चं नाव घेतो, कारण ती आणि ड्यूक दोन्ही आमच्या चाकणलाच बनतात. दोन्हींचं बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) सारखंच, 89 बाय 64 मिलिमीटर. तरी स्पीडला 40 पीएस आणि ड्यूकला 46. टॉर्क बघा: 37.5 आणि 39, दोन्ही साडेसहा हजारांना. म्हणजे फरक वरच्या टोकाला, जास्त आरपीएमला आहे. ताम्हिणीत पुढचं वळण दिसत नसताना त्या टोकाला कोण जातं? मी तरी नाही. त्यामुळे पीएसवरून घाटातला वेग ठरवणं मला मुळातच पटत नाही.

एक सिलिंडर:
चाकणकर, मी जातो त्या टोकाला. पहाटे, रस्ता मोकळा असताना, जिथवर दिसतं तिथवरच. आणि ते सहा पीएस मला तिथे लागतात.

घाटमाथा:
गिअरिंगचा मुद्दा मान्य. चाकावरच्या हिशेबात तुम्ही बरोबर आहात, आणि मोकळ्या रस्त्यावर तुमची ड्यूक पुढे जाईल यातही शंका नाही. उताराचंही पटलं, विळ्याकडे उतरताना मी माझ्याच गाडीवर फार आधी ब्रेक लावत होतो, हे आता लक्षात येतंय.

पण "इंजिन सहा हजारांच्या वर ठेवा" यावर मी अडतो. तसं ठेवायला रस्ता आधी कळायला हवा. आपल्या घाटात वळणापलीकडे म्हैस असते, दरडीची माती असते, सेल्फीवाले असतात. दर दहा मिनिटांनी वेग शून्यावर येतो आणि पुन्हा उभा करावा लागतो. तो उभा करताना मला गिअरचा विचार करायचा नाही, रस्त्याचा करायचाय.

पसरणीच्या ताई, फोर्क मऊ करता म्हणजे किती क्लिक? मित्राची ड्यूक पुढच्या रविवारी पुन्हा मागणार आहे. या वेळी चढावर माझी, उतारावर त्याची.

पसरणीची पोरगी:
कॉम्प्रेशन (फोर्क दबणं) आणि रिबाउंड (परत वर येणं) दोन्ही एकेक क्लिक, बास. आणि टायरची हवा गार असताना बघा.