मदत हवी आहे: थेम्सवरच्या 'हेड' बोटशर्यतीत हॅमरस्मिथच्या वळणावर बोट कुठून काढू?

मंडळी, इथे कोणी लंडनला रोइंग केलंय का?

मी एका क्लबच्या आठ जणांच्या बोटीची कॉक्स आहे, म्हणजे वल्हं न मारता सुकाणू सांभाळणारी लहानखुरी व्यक्ती. (उंचीमुळे शाळेत कायम रांगेत पहिली उभी असायचे, इथे त्याच भांडवलावर जागा मिळाली.) मार्चमध्ये हेड ऑफ द रिव्हर आहे. स्टीव्ह फेअरबर्न यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली शर्यत, मॉर्टलेक ते पटनी, सुमारे ६.८ किलोमीटर. ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले त्यांच्या शर्यतीत भरतीबरोबर पटनीहून वर जातात, आम्ही त्याच मार्गाने ओहोटीबरोबर खाली येतो. बोटी एकामागून एक सुटतात आणि निकाल घड्याळावर लागतो.

गेल्या वर्षी हॅमरस्मिथ पुलाच्या अलीकडे आम्ही पुढची बोट गाठली. नदी उजवीकडे वळते, म्हणून मी अंतर वाचवायला सरेच्या, म्हणजे वळणाच्या आतल्या, काठाला अगदी चिकटून आत शिरले. पाच-सहा वल्ह्यांतच बोट जड झाली. ती दुसरी बोट मधून आरामात निघून गेली. स्ट्रोक (माझ्या सगळ्यात जवळ बसून लय ठरवणारा वल्हवणारा) काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. तो आणि मी समोरासमोर बसतो, तोंड लपवायलाही जागा नाही!

कोच म्हणतात, "प्रवाहात राहा." पण प्रवाह ओळखायचा कसा? मला तर सगळं पाणी एकसारखंच मटमैलं दिसतं. आणि पुढची हळू बोट नेमकी तिथेच ठाण मांडून बसली तर?

प्रतिसाद:
काठाजवळ पाणी उथळ आणि संथ, तिथे ओहोटीचा फायदा मिळत नाही. वाचलेलं अंतर त्यातच जातं. एखाद्या दिवशी ओहोटीच्या वेळी हॅमरस्मिथ पुलावर जाऊन उभी राहा. फेस, काटक्या, पानं कुठून वेगात जातात ते बघ, तोच तुझा रस्ता. जुने कॉक्स पुलावरचा सरेकडून दुसरा दिव्याचा खांब धरून चालतात.

हळू बोटीने वाट द्यायची असते, पण तिच्या कॉक्सला मागचं दिसत नाही. तिचे वल्हवणारे मात्र तुझ्याकडेच तोंड करून बसलेले असतात! चांगली दोन-तीन बोटींची लांबी आधीपासून, त्यांच्या क्लबचं नाव घेऊन ओरड. अगदी जवळ जाऊन ओरडलीस तर सुकाणू जोरात फिरवावं लागेल, आणि सुकाणू म्हणजे ब्रेकच.

सुरुवातीला रांगेत बराच वेळ थांबावं लागतं. वल्हवणारे अंग हलवून ऊब आणतात, कॉक्स गारठतो. कपड्यांचा एक थर जास्त घाल.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार! शनिवारी पुलावर जातेच. खांब उजवीकडून मोजायचे ना? घाबरले की माझं उजवं-डावं पार गडबडतं.

प्रतिसाद:
हो, खाली येताना सरे उजवीकडे. हातावर पेनाने लिहून ठेव, मीही लिहायचो.