मदत हवी आहे : पोरांना हेडर (डोक्यानं चेंडू मारणं) कसं शिकवू?

मंडळी, बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मी गल्लीतल्या लहान पोरांना फुटबॉल शिकवतो. रविवारी फायनल आहे, समोरचा संघ दोन वर्षं हरलेला नाही. म्हणून पोरांना २००४ च्या युरो (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) फायनलमधला ग्रीसचा गोल दाखवला. लिस्बन, ५७ वं मिनिट. ग्रीसच्या बासिनासनं कोपऱ्यातून मारलेला कॉर्नर, पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डो पुढे आला आणि चुकला, खारिस्तेआसचं हेडर, यजमान पोर्तुगाल गार! त्या स्पर्धेआधी ग्रीसनं युरो किंवा वर्ल्ड कपमध्ये एकही सामना जिंकलेला नव्हता.

पोरं पेटलीत. पण चेंडू आला की सगळी डोळे मिटतात. परवा एकाच्या नाकावर बसला, नाक पुसून तो परत रांगेत उभा. ही भीती कशी घालवू? मऊ बॉलनं सुरुवात करू का? कुणी जुने खेळाडू दोन दिवस संध्याकाळी येतील का?